डाव्या बाजूचा ब्रेक

गाडी शिकवणारा माणूस तोंडाळ असतो असा पुण्यात एक समज आहे. दशरथ ओव्हाळ बोलत नसे. बिबवेवाडीतल्या आपल्या मोटर ट्रेनिंग स्कूलच्या पांढऱ्या मारुतीत तो डावीकडच्या सीटवर बसे, हात मांडीवर ठेवी आणि समोर बघत राही. शिकाऊ माणसाला वाटे, सर आपल्यावर भरवसा टाकून निवांत बसलेत. सर निवांत नसत. त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक होता आणि त्यावर त्यांचा उजवा पाय कायम टेकलेला असे.

शिकवायच्या गाडीला असा दुसरा ब्रेक असतोच, त्यात नवल काही नाही. दशरथची करामत वेगळी होती. तो ब्रेक इतका हळुवार दाबी की शिकणाऱ्याला पत्ताच लागत नसे. समोर रिक्षा आडवी आली आणि शिकणाऱ्या बाईंनी घाबरून अॅक्सिलरेटरवरचा पाय नुसता उचलला, की गाडी अलगद उभी राही. बाईंना वाटे, आपणच थांबवली. "छान. हात चांगला आहे तुमचा," दशरथ म्हणे. बाई खूश होऊन घरी जात आणि पुढच्या महिन्यात त्यांची जाऊ शिकायला येई.

सुरुवातीला तो असा नव्हता. पिंपरीच्या एका कारखान्यात साहेबांच्या गाड्या चालवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. मग देशात खुल्या अर्थव्यवस्थेचं वारं आलं, कारखान्यानं माणसं कमी केली, आणि हातात आलेल्या पैशातून त्यानं ही शाळा काढली. तेव्हा तो शिकणाऱ्यांवर ओरडायचा, त्यांना चुकू द्यायचा, चुकले की पुन्हा तेच करायला लावायचा. असंच एकदा स्वारगेटच्या चौकात एका प्राध्यापकांनी रिक्षाला धक्का दिला. रिक्षावाले जमले, प्राध्यापकांची भर रस्त्यात आरती झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून प्राध्यापक पलीकडच्या शाळेत जाऊ लागले. त्या शाळेच्या पाटीवर 'महिन्यात लायसन्सची हमी' असं लिहिलेलं होतं. दशरथ जे समजायचं ते समजला.

आता यात दोष कुणाचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. चुकल्याशिवाय माणूस शिकत नाही, आणि पुण्याच्या रस्त्यावर चुकायला वीतभर जागा नाही. त्यात पुणेकर घडलेला दुचाकीवर. ब्रेक मारणं त्याला माघार घेतल्यासारखं वाटतं. तो वाट काढतो, बस आणि रिक्षा यांच्या मधून हँडल वाकडं करून निसटतो, आणि खड्डे चुकवून चुकवून त्याची नजर पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर खिळलेली असते. असा माणूस चार चाकांत बसला की तिथंही फट शोधत राहतो. त्याला थांबायला शिकवायचं तर वर्ष लागेल. तेवढा वेळ कुणाला होता? शहरात नवनव्या कंपन्या येत होत्या, घरटी एक गाडी येत होती, आणि प्रत्येकाला लायसन्स काल हवं होतं. म्हणून लोकांच्या चुका दशरथ आपल्या पायाखाली दाबून टाकी.

परीक्षा म्हणाल, तर ती मैदानावर होई. गाडी शाळेचीच, डावीकडे दशरथ बसलेला, आरटीओचे साहेब लिंबाच्या झाडाखाली उभे. माणूस चालेल त्या वेगानं पुढे जायचं, मागे यायचं, वळायचं. एवढं सगळ्यांना जमे. दशरथचा माणूस नापास झाला असं आजवर घडलं नव्हतं, आणि याचा त्याला खरोखरच अभिमान होता.

त्याची मुलगी मैत्री बी.सी.एस. झाली आणि तिला हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी लागली, तेव्हा दशरथनं गल्लीत पेढे वाटले. पहाटेची शिफ्ट होती. कंपनीची गाडी घरापासून न्यायची आणि दुपारी घरी आणून सोडायची. सगळं कसं बिनघोर होतं.

पहिल्याच आठवड्यात जेवताना मैत्री म्हणाली, "बाबा, आमच्या कॅबचा ड्रायव्हर तुमचा स्टुडंट आहे. वारज्याचा समर्थ. तुमचं नाव ऐकून एकदम खूश झाला."

दशरथला समर्थ आठवला. वारज्याच्या सोनबांचा मुलगा. रस्ता आणि इमारती यांत सोनबांची जमीन गेली होती, आणि आलेल्या पैशातून त्यांनी पोराला इंडिका घेऊन कंपनीला लावून दिली होती. पोरगं मोटारसायकलवर वाढलेलं, हाताचं चपळ. "चांगला चालवतो का?" दशरथनं विचारलं.

"मस्त. एकदम स्मूथ. फक्त पुढच्या ट्रकला चिकटेपर्यंत ब्रेक मारत नाही." मैत्रीनं भाकरी मोडली. "मग अशी काही गाडी थांबते की आम्ही सगळे पुढे. माझ्या शेजारी बसणारी निकिता म्हणते, तिला आता बायपासवरच्या सगळ्या ट्रकच्या नंबरप्लेट पाठ झाल्यात."

मैत्रीची आई कांताबाई हसल्या. मैत्रीही हसली. दशरथच्या हातातला घास हातातच राहिला. का ते त्याला लगेच उमगलं नाही, पण त्यानं ताट बाजूला सारलं.

दोन दिवसांनी वारज्याला काम आहे अशी थाप मारून तो पहाटे मैत्रीच्या कॅबमध्ये पुढे बसला. समर्थनं वाकून नमस्कार केला. "सर, तुम्ही शेजारी बसलाय म्हंजी शाळेतच आल्यावानी वाटतंय," तो म्हणाला. मागे मैत्री, निकिता आणि आणखी एक मुलगा कानांत वायरी खुपसून डुलक्या काढत होते.

कात्रजच्या चौकात एक बस सिग्नल तोडून आडवी आली. दशरथ बसकडे बघत नव्हता. तो समर्थच्या पायाकडे बघत होता. अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला गेला आणि अधांतरी थांबला, जसा कुणी दार वाजवून आत बोलावण्याची वाट बघतो. त्या तेवढ्या वेळात दशरथचा स्वतःचा पाय खालच्या रबरी मॅटवर गच्च दाबला गेला. तिथं काहीच नव्हतं. मग समर्थचा पाय घाईनं ब्रेकवर आदळला, गाडी बसपासून वीतभर अंतरावर थांबली आणि मागचे तिघं पुढच्या सीटांवर आपटले.

"ह्यांना काय सिग्नल दिसत न्हाई," समर्थ बसवाल्याला म्हणाला आणि पुढे निघाला.

ती मधली थांबलेली वेळ दशरथच्या ओळखीची होती. ती त्याचीच होती. शिकताना त्या वेळात समर्थनं काही करायचं नसे, कारण तेवढ्यात डावीकडचा ब्रेक दाबला जाई. पोरगं गाडी चालवायला शिकलं होतं आणि थांबण्याआधी वाट बघायलाही शिकलं होतं. बायपासला लागल्यावर समर्थनं वेग वाढवला, आणि दशरथच्या लक्षात आलं की शहरात त्या थांबण्याची लांबी दोन हात होती, इथं ती अख्ख्या ट्रकएवढी झालीय. शाळेच्या गाडीत त्यानं कुणालाच कधी एवढ्या वेगापर्यंत नेलं नव्हतं. वारज्याला उतरला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि मैत्री खिडकीतून हात हलवत त्याच गाडीतून पुढे गेली.

समर्थ परत येईपर्यंत तो सोनबांच्या घरी जाऊन बसला. घर नवं होतं, दोन मजली, आणि चहूबाजूंनी त्याहून उंच इमारती उभ्या राहत होत्या. सोनबांनी स्वतः उठून खुर्ची दिली.

"या मास्तर. तुमच्यामुळं पोरगं मार्गाला लागलं बघा," ते म्हणाले. "जमीन तर गेली. आता समदं ह्या चार चाकांवर हाय."

दशरथ चहा पीत बसला. तासाभरानं समर्थ आला, सरांना घरी बघून चकित झाला. दशरथनं घसा साफ केला. "समर्थ, तू ब्रेक उशिरा दाबतोस. पाय आधी ब्रेकवर न्यायचा, मग काय ते बघायचं. अंतर ठेव."

"पण थांबती की गाडी, सर. तुम्हीच म्हणायचा, हात चांगला हाय."

"म्हणायचो. शिकताना कधी कधी मी मदत करायचो."

सोनबा हसले. "मंग निम्मं लायसन मास्तरांच्या नावावर करा."

समर्थ हसला नाही. दशरथ निघाला तसा तो फाटकापर्यंत बरोबर आला. तिथं तो घुटमळला. "सर, एक विचारू? मी पहिल्यांदा स्वारगेटला गाडी घेतली, तवा ती टोपलीवाली म्हातारी मधी आली होती. मी अजून सगळ्यांना सांगतो, मी कशी वाचवली ते." त्यानं आवाज खाली घेतला. "गाडी कुणी थांबवली होती?"

खोटं बोलणं सोपं होतं. दशरथनं फाटकाची कडी धरली. "मी," तो म्हणाला.

"आणि बाकीच्या वेळंला?"

"बाकीच्या वेळेलाही मीच."

समर्थचा चेहरा उतरला. रागावला असता तर दशरथला बरं वाटलं असतं. पोरगं गाडीकडे असं बघायला लागलं, जणू आतापर्यंत आपण कुणाच्या तरी खांद्यावर बसून हिंडत होतो हे त्याला आत्ता कळलं. "बरं झालं सांगितलं," एवढंच तो म्हणाला आणि आत गेला.

परतीच्या बसमध्ये दशरथला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते उलटंच. बेफिकीर ड्रायव्हर एक वेळ परवडतो, घाबरलेला नाही, असं तो आयुष्यभर म्हणत आला होता, आणि आज त्यानं आपल्या हातांनी एक घाबरलेला ड्रायव्हर तयार केला होता. त्याच्या मागच्या सीटवर आज दुपारीच मैत्री बसणार होती. त्या दिवशी त्यानं दोनदा मोबाइल काढून वेळ पाहिली आणि ती घरी येईपर्यंत शाळेत न जाता ओट्यावर बसून राहिला.

"उद्यापासून त्या गाडीनं जायचं नाही," तो म्हणाला.

मैत्रीनं पाठीवरची बॅग खाली ठेवली. "का?"

"मला त्याचं चालवणं पटत नाही."

"तुम्हीच शिकवलंय ना त्याला?"

दशरथ उठून चपला शोधू लागला. मैत्री बापाचीच लेक, तिला याचा अर्थ कळायचा. "म्हणजे तुमच्याकडे शिकलेल्या माणसाच्या गाडीत बसायचं नाही," ती म्हणाली. "हे शाळेच्या पाटीवर लिहा, बाबा. लोकांना उपयोग होईल."

दोन दिवस घरात अबोला होता आणि ती त्याच कॅबनं गेली. ते दोन दिवस दशरथनं कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. तो शिकवायला जाई, डावीकडे बसे, पाय आपला ब्रेकवर ठेवी, पण डोळ्यांसमोर बायपासवरचा ट्रक असे. कुठं रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला की तो शिकणाऱ्याला गाडी कडेला घ्यायला लावी. शेवटी तोड काढली ती कांताबाईंनी. "अहो, पोरीला लायसन्स तुम्हीच काढून दिलंय ना?" त्या म्हणाल्या. "आपली जुनी गाडी पडूनच आहे. तीच द्या तिला. निकितालाही घेऊन जाईल, सोबत होईल."

दशरथला हे आपल्याला कसं सुचलं नाही याचं आश्चर्य वाटलं. शाळेला नवी गाडी आली होती. जुनी पांढरी मारुती गॅरेजमागे धूळ खात उभी होती. त्यानं ती त्याच दिवशी कचरू मेकॅनिककडे नेली. इंजिन चांगलं होतं. कचरूनं टायर बदलले, दारावरचं शाळेचं नाव घासून काढलं, टपावरची पाटी उतरवली. मग वाकून डावीकडचं पेडल बघत तो म्हणाला, "हे काढू ना सर? घरच्या गाडीला कशाला?"

"काढ," दशरथ म्हणाला. आणि कचरूनं ते काढून, खालची भोकं पत्र्यानं बुजवून वर नवी मॅट घातली, तेव्हा दशरथ शेजारी उभा राहून समाधानानं बघत होता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

मैत्रीचा राग गाडी बघून विरघळला. तिनं स्टिअरिंगवरून हात फिरवला. "ही तर माझीच गाडी," ती म्हणाली. याच गाडीत ती शिकली होती, पहिल्या फटक्यात पास झाली होती. त्यानंतर मात्र कधी गाडीला हात लावायची वेळ आली नव्हती, कॉलेजला ती आपल्या स्कूटीवर जाई.

"एकदा दोघं मिळून बायपासला चक्कर मारून या," कांताबाई म्हणाल्या.

"तिला काय शिकवायचंय? मीच शिकवलंय तिला," दशरथ म्हणाला. बोलताना त्याच्या मनात एवढीही शंका नव्हती. त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी गाढ झोपला.

सकाळी नुकतं उजाडत असताना मैत्री निघाली. निकिताला त्या दिवशी सुट्टी होती, त्यामुळे ती एकटीच होती. कांताबाईंनी डबा दिला, गाडीच्या काचेला हात लावून नमस्कार केला. दशरथ मोटारसायकल पुसत दारात उभा होता. मैत्रीनं गाडी सफाईनं मागे घेतली, वळवली, आरशात बघितलं, इंडिकेटर दिला. बघून बापाचा ऊर भरून आला. गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून दुधाच्या किटल्या घेऊन एक माणूस आडवा आला.

गाडीचे मागचे लाल दिवे लागायला हवे होते. ते लागले नाहीत. गाडी तशीच सरकत राहिली, तेवढीच वेळ, ओळखीची, आणि मग एकदम दिवे लागले आणि गाडी हिसका देऊन थांबली. सायकलवाला वळून काहीतरी पुटपुटला. मैत्रीनं खिडकीतून हात काढून बापाला टाटा केला आणि गाडी मुख्य रस्त्याला लागली.

दशरथच्या हातातलं फडकं खाली पडलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सगळ्या गावाच्या पोरांसाठी तो अडचण दिसली की ब्रेक दाबत असे. स्वतःच्या पोरीसाठी तो अडचण दिसायच्या आधीच दाबत आला होता. तिला कधी घाम फुटू दिला नव्हता. कुणी शिवी दिली नव्हती की हॉर्न मारला नव्हता. समर्थनं निदान मोटारसायकलवर चार वेळा आपटून घेतलं होतं, त्याला भीतीची तोंडओळख होती. मैत्री स्कूटीवरूनही कधी पडली नव्हती, तिला तेवढीही नव्हती. आणि या गाडीत डावीकडे बसलेला माणूस आज नव्हता, ब्रेकही नव्हता. तो त्यानंच उभं राहून काढायला लावला होता.

त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि तसाच आत ठेवला. फोन वाजला तर ती एका हातानं घेईल. एका हातानं, चालत्या गाडीत. त्यानं मोटारसायकलला किक मारली. आतून कांताबाईंनी काहीतरी विचारलं, ते ऐकायला तो थांबला नाही.

कात्रजपर्यंत ती दिसली नाही. चौकातल्या गर्दीत गाड्या तुंबल्या होत्या, आणि दशरथ आयुष्यभर लोकांना जे करू नका म्हणून सांगत आला ते सगळं करत सुटला. बसच्या आणि टेम्पोच्या मधल्या फटीतून गेला, फुटपाथवर चढला, सिग्नल तोडला, उलट बाजूनं घुसला. खड्डे त्याच्या चाकाखालून कसे चुकत होते ते त्यालाही कळत नव्हतं. एका रिक्षावाल्यानं त्याच्या वयाला न शोभणारी शिवी दिली. ती त्याला पटली.

बायपासला लागल्यावर वारा अंगावर आला. डावीकडे बांधकामांचे सांगाडे, उजवीकडे दुभाजक, आणि पुढे ट्रकच ट्रक. प्रत्येक पांढऱ्या गाडीपाशी तो वेग कमी करी, आत बघे आणि पुन्हा पुढे निघे. प्रत्येक वेळी दुसरंच कुणी असे, आणि प्रत्येक वेळी भीती आणखी वाढे, कारण याचा अर्थ ती अजून पुढे होती, म्हणजे भरधाव होती. समर्थची इंडिका दिसली तीही मागे टाकली. समर्थनं सरांना ओळखलं असावं, कारण त्यानं दिवे उघडझाप केले. त्याच्या आणि पुढच्या ट्रकच्या मध्ये भरपूर अंतर होतं, पण दशरथला तेव्हा ते पाहायला सवड नव्हती.

वारज्याच्या अलीकडे रस्ता मुठेच्या पुलाकडे उतरतो. उताराच्या वरून दशरथला गाडी दिसली. दुभाजकाच्या बाजूच्या लेनमध्ये, खडीनं भरलेल्या एका ट्रकच्या मागे, ती झोकात चालली होती. पुढे पुलाच्या तोंडाशी रस्त्याचं काम निघालं होतं. पिंपं उभी करून एक लेन बंद केली होती, आणि ट्रक हळूहळू वेग कमी करत होता. ट्रकला मागे दिवे नव्हते. नुसती धूळ होती.

ट्रक हळू होतोय हे दशरथला एवढ्या लांबून कळलं. मैत्रीला ते कळायला हवं होतं. पण तिला कुणी लांब बघायला शिकवलंच नव्हतं.

त्यानं मोटारसायकल होती नव्हती तेवढी पिळली. तो गाडीच्या मागे आला, हॉर्न वाजवत राहिला, पण बायपासवर हॉर्नकडे कोण बघतं? उजवीकडे दुभाजक होता, जागा नव्हती. तो डावीकडून पुढे आला, गाडीच्या बरोबरीला, खिडकीशी. एक हात सोडून तळवा खाली दाबत तो ओरडला, "ब्रेक. मैत्री, ब्रेक दाब." वाऱ्यानं शब्द मागे उडवून नेले.

पण मैत्रीला डावीकडे कुणीतरी जाणवलं. तिनं वळून बघितलं. बाबा होते. शिकताना असत तसेच, डाव्या बाजूला, काचेपलीकडे हातभर अंतरावर. ती हसली. तिच्या चेहऱ्यावरची पहिल्या दिवसाची धाकधूक निघून गेलेली दशरथला स्पष्ट दिसली, तिचे खांदे सैल पडलेले दिसले. मग तिनं समोर पाहिलं. ट्रकची फळी पुढच्या काचेएवढी मोठी झाली होती. दशरथला तिचा पाय दिसत नव्हता, पण तो उचलला गेलाय हे इंजिनाच्या आवाजावरून त्याला कळलं. आवाज खाली आला आणि गाडी तशीच पुढे जात राहिली. दशरथचा उजवा पाय मोटारसायकलच्या ब्रेकवर गच्च दाबला गेला. त्यानं मोटारसायकल थांबली. गाडी थांबली नाही.

ती जगली, हे इथंच सांगून टाकायला हवं, कारण दशरथला ते बराच वेळ माहीत नव्हतं. गाडीचं नाक ट्रकखाली गेलं होतं. तो मोटारसायकल टाकून धावला, दार ओढू लागला, दार उघडेना. मागे समर्थनं आपली इंडिका लांबवर थांबवली होती, रस्त्यात आडवी, दोन्ही इंडिकेटर लावून, मागून येणारं वाहन अंगावर येऊ नये म्हणून. तो पहार घेऊन पळत आला आणि त्यानं दार उचकटलं.

मैत्रीचे पाय गुडघ्याखाली डॅशबोर्डमध्ये अडकले होते. कपाळावरून रक्त वाहत होतं. तिनं डोळे उघडले, आधी डावीकडच्या रिकाम्या सीटकडे बघितलं, मग दारात वाकलेल्या बापाकडे.

"बाबा, तुम्ही दिसलात," ती म्हणाली. "म्हणून मी ब्रेक नाही मारला."

भोवती जमलेल्यांपैकी कुणाला यातलं काही कळलं नाही. पोरगी धक्क्यानं बरळतेय, असं एक जण म्हणाला. समर्थला कळलं. त्यानं दशरथकडे एकदाच पाहिलं, मग त्याला बाजूला सारलं आणि मैत्रीच्या काखेत हात घालून तिला हळूहळू बाहेर काढायला लागला.